सह्याद्रीचा अग्नि आणि वरचें आकाश

मराठी वाचकाला सह्याद्रीचा अभिमान आहे. आणि हा अभिमान गडकोटांच्या इतिहासापुरता न राहतां आतां त्या गडांच्या दगडापर्यंत जाऊन पोंचला आहे, ही आनंदाची गोष्ट होय. दुर्गभ्रमणाचीं पुस्तकें, सहलींच्या वाटा सांगणाऱ्या पुस्तिका, दिवाळी अंकांतील शास्त्रविषयक लेख, शाळांतील भूगोलाचे धडे, या सर्वांत आपला काळा पाषाण अग्निजन्य आहे व त्याचें वय सुमारें ६ कोटी ६० लाख वर्षें आहे, एवढें तरी सांगितलेलें असतेंच. पुणें जिल्ह्यांतील भोर व वेल्हें या दोन भागांवर तर या लेखनाचा विशेष लोभ दिसतो, आणि तो योग्यच आहे. तोरणा, राजगड आणि रोहिडा हे किल्ले, रायरेश्वराचें पठार, वरंधा घाट, मढे घाट, सह्याद्रीचें पोट उघडें करून दाखविणारीं इतकीं स्थळें एवढ्याशा टापूंत क्वचितच सांपडतील.

या लेखनाचे गुण आम्ही प्रथम सांगतों. त्याचे लेखक पायीं हिंडलेले आहेत. राजगडाच्या सुवेळा माचीवरील नेढें त्यांनीं डोळ्यांनीं पाहिलेलें असतें. रायरेश्वरावरील सात रंगांच्या मातीची चिमूट त्यांनीं हातांत घेतलेली असते. कोणत्या ऋतूंत कोणत्या कड्यावरून पाणी पडतें हें त्यांना पुस्तकांतून शिकावें लागलेलें नाहीं. जोंपर्यंत लेखणी दगडावर टेकलेली आहे, तोंपर्यंत हें लेखन भरंवशाचें असतें. परंतु त्या अग्नीनें पृथ्वीच्या हवेचें काय केलें, या प्रश्नाशीं तें येऊन पोंचलें कीं लेखणी एकाएकी सैल पडते. मग 'प्रलय', 'तांडव', 'रुद्रावतार' असे शब्द धांवून येतात आणि त्यांच्या गर्दींत एक ठरीव वाक्य उमटतें: राखेनें सूर्य झांकला, पृथ्वी गारठली आणि प्राणी नाहींसे झाले. हें वाक्य कोणा एकाचें नाहीं, तें सर्वांचें आहे. म्हणून आम्ही येथें कोणाचेंच नांव घेत नाहीं. दोष व्यक्तीचा नसून प्रघाताचा आहे.

या वाक्यावर आमचा आक्षेप असा आहे कीं, त्यांत 'कोठें' हा प्रश्नच विचारलेला नाहीं. पृथ्वी गारठली म्हणजे काय गारठलें? जमीन, समुद्र, जमिनीलगतची हवा, कीं वीस-पंचवीस किलोमीटर उंचीवरची हवा? ज्वालामुखीच्या बाबतींत हा प्रश्न किरकोळ नव्हे. ज्या ढगामुळें खालची हवा निवते, त्याच ढगामुळें वरची हवा तापते. दोन्ही गोष्टी एकाच कारणानें व एकाच वेळीं घडतात. त्यांतील एक सांगून दुसरी गाळणें म्हणजे तराजूचें एकच पारडें दाखवून वजन सांगण्यासारखें आहे.

प्रारंभ दगडापासूनच करूं, कारण पहिली चूक तेथेंच होते. तोरण्याचा किंवा राजगडाचा माथा म्हणजे एका विझलेल्या ज्वालामुखीचें तोंड, असा समज अनेक लेखांत उघड किंवा गर्भित असतो. शंकूच्या आकाराचा डोंगर, त्याच्या शेंड्याला विवर आणि विवरांतून उसळणारी ज्वाला, हें जपान-इटलीचें चित्र आपण सह्याद्रीवर चिकटवितों. वस्तुतः दख्खनचा लाव्हारस मुख्यतः जमिनीस पडलेल्या लांबच लांब भेगांतून वर आला. त्यांतील कांहीं भेगा थिजलेल्या रसानें भरलेल्या उभ्या भिंतींच्या रूपानें नाशिक-पुणें भागांत आजहि दिसतात. भेगांतून निघालेला रस पसरत गेला, थिजला, त्यावर दुसरा पसरला; असे थर बसत सह्याद्रीच्या बाजूस त्यांची जाडी दोन किलोमीटरांच्याहि वर गेली. कर्नल साइक्स यांनीं १८३३ सालीं या प्रदेशाच्या भूस्तरांचें वर्णन प्रसिद्ध केलें. या पाषाणाला लागलेला 'ट्रॅप' हा शब्द मूळचा स्वीडिश भाषेंतला असून त्याचा अर्थ जिना असा आहे. वेल्ह्याच्या बाजूनें तोरण्याकडे पाहिलें तर त्या जिन्याच्या पायऱ्या कोणालाहि मोजतां येतील. तोरणा हा उसळून वर आलेला डोंगर नाहीं. सभोंवतालचे थर पावसानें व ओढ्यांनीं नेल्यावर जो शिल्लक राहिला, तो तोरणा.

थराथरांच्या मधून कोठें कोठें तांबड्या मातीचा पट्टा जातो. दोन उद्रेकांच्या मधल्या शांत काळांत खालच्या थराचा पृष्ठभाग ऊनपावसानें झिजून ती माती झाली. म्हणजे अग्नि एकदांच पेटला आणि विझला असें झालें नाहीं. तो लाखों वर्षें थांबत थांबत पेटत राहिला. उद्रेकाची ही रीत लक्षांत घेतल्यावांचून पुढील विचार करतां येत नाहीं, कारण निमुळत्या तोंडातून स्फोटानें उडणारा वायु आणि भेगेच्या कांठाकांठानें उफाळणारा वायु हे सारखेच उंच जातात असें नाहीं. आणि किती उंच गेला यावरच सारें अवलंबून आहे.

आतां दुसरी चूक, राखेची. राखेनें सूर्य झांकला हें एका गांवापुरतें, एका आठवड्यापुरतें खरें असतें. राख म्हणजे दगडाची व कांचेची बारीक कणी. ती जड असते आणि बहुतेक सारी कांहीं दिवसांत वा आठवड्यांत खालीं बसते. वर्ष-दोन वर्षें टिकून साऱ्या पृथ्वीच्या हवेंत फेरबदल करणारा पदार्थ वेगळाच आहे. ज्वालामुखींतून सल्फर डायॉक्साइड म्हणून जो गंधकाचा उग्र वायु निघतो, तो पुरेसा उंच गेला तर कांहीं आठवड्यांत पाण्याच्या वाफेशीं मिळून त्याचे गंधकाम्लाचे अतिसूक्ष्म थेंब बनतात. हे थेंब इतके हलके असतात कीं तेथील शांत हवेंत ते महिनोन् महिने तरंगतात. फिलिपाइन्समधील पिनाटुबो हा पर्वत १५ जून १९९१ रोजीं फुटला, तेव्हां सुमारें दीड ते दोन कोटी टन गंधकवायु वर गेला आणि त्याच्या थेंबांचें विरळ अभ्र अल्पावधींतच साऱ्या पृथ्वीभोंवतीं पसरलें. पुढच्या वर्षीं पृथ्वीच्या पृष्ठभागाचें सरासरी तापमान सुमारें अर्ध्या अंशानें उतरलें. तें राखेमुळें उतरलें नाहीं; राख तर केव्हांच समुद्रांत गेली होती.

येथवर आमचे लेखक थोड्याशा दुरुस्तीनें बरोबर येतील. खरा आक्षेप यापुढें आहे. तो समजण्यासाठीं वरच्या आकाशाची रचना ध्यानांत घेतली पाहिजे. जमिनीपासून वर जावें तसतशी हवा गार होत जाते, हें भोरहून रायरेश्वरावर चढणारा प्रत्येकजण जाणतो. दर किलोमीटरास सरासरी साडेसहा अंश याप्रमाणें हें उतरणें आपल्याकडे सोळा-सतरा किलोमीटरांपर्यंत चालतें. ढग, वारा, पाऊस हा सारा संसार याच खालच्या भागांत होतो. त्याला तपांबर म्हणतात. त्यावर जो भाग सुरू होतो तेथें ओझोन वायु सूर्याचे अतिनील किरण शोषून घेत असल्यामुळें उंचीबरोबर तापमान वाढूं लागतें. त्यास स्थितांबर हें नांव आहे. हिंदी हवामानखात्यांतील डॉ. के. आर. रामनाथन् यांनीं १९२९ सालीं दाखवून दिलें कीं, या दोहोंच्या सीमेवरील सर्वांत थंड हवा ध्रुवांवर नसून उष्ण कटिबंधावर आहे. आपल्या डोक्यावर सोळा-सतरा किलोमीटरांवर शून्याखालीं ऐंशी अंशांच्या आसपास थंडी असते, ही गोष्ट वैशाखांतल्या दुपारीं खरी वाटणार नाहीं; पण ती खरी आहे.

'स्थितांबर' या शब्दाबद्दलहि दोन शब्द लिहिणें अवश्य आहे, कारण परिभाषा ही टीकेच्या कक्षेबाहेरची वस्तु नव्हे. फ्रेंच शास्त्रज्ञ तेसराँ द बोर यांनीं १९०२ सालीं फुग्यांच्या साहाय्यानें हा थर शोधून काढला, तेव्हां त्यांना तेथें तापमान जवळजवळ एकसारखें आढळलें. आपल्या शब्दांतील 'स्थित' त्या पहिल्या समजुतीशीं जुळणारें आहे. शब्द सुटसुटीत आहे आणि तो टाकावा असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु सामान्य वाचकाच्या मनांत तो असें चित्र उभें करतो कीं, वर एक निश्चल, निर्विकार आकाश आहे आणि जें कांहीं घडतें तें खालींच घडतें. शास्त्रीय लेखकानें तरी हें चित्र पुसून टाकावयास हवें होतें. तसें झालेलें नाहीं; उलट बहुतेक लेखांत ज्वालामुखीचा ढग स्थितांबरांत पोंचला कीं कथा तेथेंच थांबते, जणूं पडद्याआड गेलेल्या पात्राचें पुढें कांहींच होत नसतें.

होतें तें असें. गंधकाम्लाचे थेंब सूर्याच्या दृश्य प्रकाशाचा कांहीं अंश परत आकाशांत उधळून देतात. तेवढा प्रकाश जमिनीस कमी मिळतो आणि ती निवते. पण हेच थेंब सूर्यप्रकाशांतील अवरक्त किरणांचा कांहीं भाग स्वतः पिऊन घेतात. आणि शिवाय तापलेल्या जमिनीपासून व समुद्रापासून अहोरात्र वर जाणारे जे उष्णतेचे किरण, तेहि अडवून शोषतात. ते थेंब स्वतः अतिशय थंड हवेंत असल्यामुळें त्यांच्याकडून बाहेर फेंकली जाणारी उष्णता थोडी आणि खालून मिळणारी पुष्कळ. जमाखर्चाची ही बाकी वरच्या हवेंत राहते आणि ती हवा तापते. लोकप्रिय लेखनांत या ढगास मांडवाची उपमा देतात. उपमा वाईट नाहीं, पण ती अर्धी योजिलेली आहे. मांडवाखालीं बसणाऱ्याला गार वाटतें हें खरें. पण मांडवाच्या कापडाला हात लावून कोणी पाहिलें आहे काय? तें तापलेलें असतें. आणि या मांडवाखालीं तर चूलहि पेटलेली आहे, ती म्हणजे आपली जमीन आणि आपला समुद्र. कापड वरून तापतें त्याहूनहि खालून अधिक तापतें. एवढी भर घातली असती तर तीच उपमा पूर्ण झाली असती.

हें कोणा पंडिताचें अनुमान नाहीं. तें मोजलेलें आहे. १८८३ च्या ऑगस्टांत क्राकाटोआ फुटला, तेव्हां सप्टेंबर महिन्यांत सिलोनांत व दक्षिण हिंदुस्थानांत लोकांनीं निळा-हिरवा सूर्य पाहिला. मुंबईच्या वेधशाळेंतील वायुभारमापकानेंहि त्या स्फोटाचा धक्का टिपला. त्या ढगाचा प्रवास पाहूनच विषुववृत्तावरील उंच आकाशांत पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारा वारा आहे हें प्रथम लक्षांत आलें. पण वरच्या हवेचें तापमान घेण्याचें साधन तेव्हां कोणापाशींच नव्हतें. हवामानखात्याची मुख्य कचेरी १९२८ सालीं सिमल्याहून पुण्यास आली, त्या सुमारासहि असें निरीक्षण अपवादात्मकच होतें. पुढें यंत्रें बांधलेले फुगे रोज आकाशांत सोडण्याचा परिपाठ पडला, आणि १९६३ सालीं बालीबेटांतील आगुंग पर्वत फुटल्यावर उष्ण कटिबंधावरील वरची हवा कित्येक अंशांनीं तापल्याचें या फुग्यांनीं स्पष्ट दाखविलें. १९८२ सालीं मेक्सिकोंतील एल चिचोन आणि १९९१ सालीं पिनाटुबो, दोन्ही वेळां हीच गोष्ट पुन्हां दिसली. पिनाटुबोनंतर उष्ण कटिबंधावर ती वाढ दोन-तीन अंशांची होती व तिचा प्रभाव ओसरण्यास सुमारें दोन वर्षें लागलीं. खालीं अर्धा अंश उतार, वर दोन-तीन अंश चढ: आमच्या लेखनांत यांपैकीं पहिला आंकडा सर्वत्र आढळतो, दुसरा शोधूनहि सांपडत नाहीं.

कोणी म्हणेल, तर मग 'खालीं थंड, वर गरम' एवढें सूत्र पाठ करावें म्हणजे झालें. आमचा त्यालाहि विरोध आहे. घोकलेलें सूत्र हें घोकलेल्या वाक्याइतकेंच आंधळें. दक्षिण पॅसिफिक महासागरांतील टोंगा बेटांजवळचा समुद्रांतर्गत ज्वालामुखी १५ जानेवारी २०२२ रोजीं फुटला. त्याचा स्तंभ सुमारें ५७ किलोमीटर उंच गेला; परंतु त्यांत गंधकवायु फार थोडा, सुमारें पांच लाख टनांच्या आसपास होता, आणि पाण्याची वाफ मात्र सुमारें १५ कोटी टन होती. स्थितांबर हा भाग स्वभावतः कोरडा. तेथें एवढी वाफ पूर्वीं कधींहि जातांना कोणी मोजली नव्हती. वाफ ही त्या उंचीवर उष्णता आकाशांत फेंकून देण्याचें काम करते. म्हणून त्या वर्षीं दक्षिण गोलार्धावरील वरची हवा तापण्याऐवजीं बरीच निवली. याच प्रकारें कर्बवायु, म्हणजे कार्बन डायॉक्साइड, हाहि खालीं उष्णता वाढवितो व वर थंडी आणतो. मानाबे व वेदरल्ड यांनीं १९६७ सालींच गणितानें तें सांगून ठेविलें होतें. ज्वालामुखीच्या मोठ्या उद्रेकानंतरचें तात्पुरतें तापणें ओसरल्यावर वरची हवा पूर्वीपेक्षांहि थंड झालेली आढळली, त्यांत या कर्बवायूचा आणि ओझोनच्या ऱ्हासाचा वांटा आहे. तात्पर्य, पर्वतानें काय फेंकलें आणि तें किती उंच गेलें, हे दोन प्रश्न विचारल्याखेरीज 'परिणाम' हा शब्दच उच्चारतां येत नाहीं.

हे दोन प्रश्न घेऊन आतां पुन्हां तोरण्याच्या पायथ्याशीं येऊं. दख्खनच्या एकेका मोठ्या उद्रेकांत हजार घनकिलोमीटरांइतका, कधीं त्याहूनहि अधिक रस निघाला. कांहीं प्रवाह तर हजार किलोमीटर वाहात जाऊन आंध्रांत राजमहेंद्रीपर्यंत पोंचले. अशा एका उद्रेकाबरोबर शेंकडों कोटी टन गंधकवायु निघाला असावा असा अंदाज आहे. काय फेंकलें, याचें उत्तर असें प्रचंड आहे. पण किती उंच? भेगांतून होणाऱ्या उद्रेकाचें सर्वांत चांगलें नोंदलेलें उदाहरण म्हणजे आइसलंडांतील लाकी. १७८३ च्या जूनपासून आठ महिने ती भेग धगधगत होती. सुमारें १५ घनकिलोमीटर रस व १२ कोटी टन गंधकवायु तिनें ओकला, आणि त्या बेटावरील सुमारें एक-पंचमांश माणसें पुढील दुष्काळांत व रोगराईंत मेलीं. तिचा वायु नऊ ते तेरा किलोमीटर चढला असावा. आइसलंडावर तपांबराची सीमा दहा किलोमीटरांच्या आसपास असल्यामुळें त्यांतील कांहीं भाग वरच्या आकाशांत शिरला. उष्ण कटिबंधावर हीच सीमा सोळा-सतरा किलोमीटरांवर असते. आणि राजगड ज्या थरांचा झाला आहे ते थर पडले त्या वेळीं हें भारतखंड आजच्या जागीं नव्हतें. तें विषुववृत्ताच्या दक्षिणेस, उत्तरेकडे सरकत चाललेलें होतें. तेव्हां वायूचा किती वांटा सीमेच्या वर जाऊन वर्षें-दोन वर्षें टिकला, आणि किती वांटा खालीं राहून थोड्याच दिवसांत आंबट पावसाच्या रूपानें धुऊन गेला, हाच दख्खनच्या प्रश्नाचा गाभा आहे. शास्त्रज्ञांचा वाद येथें चालू आहे. २०१९ सालीं दोन स्वतंत्र पथकांनीं आपल्याच घाटांतील खडकांचीं वयें अत्यंत बारकाईनें ठरवून एकाच नियतकालिकाच्या एकाच अंकांत तीं प्रसिद्ध केलीं. पण मेक्सिकोंतील उल्कापाताच्या आधीं किती रस निघाला व नंतर किती, याविषयीं त्यांचा मेळ बसला नाहीं. असें असतांना 'दख्खनच्या अग्नीनें अजस्र सरडे मारले' हें वाक्य निकालपत्रासारखें लिहिणें हा अभिमान असेल. तें शास्त्र नव्हे.

येथें वाचक विचारील: साडेसहा कोटी वर्षांपूर्वींच्या हवेचा एवढा कीस कशासाठीं? त्याचें उत्तर भोर-वेल्ह्याच्या आजच्या जीवनांत आहे. हा मुलूख पावसाचा. त्याचा भात, त्याची नाचणी, त्याची वरी, सारी मृगापासून हस्तापर्यंतच्या पाण्यावर उभी आहे. याच मुलखांत १९२८ सालीं पुरें झालेलें भाटघरचें धरण आहे, नीरा-देवघर आहे, गुंजवणी आहे, पानशेत आहे. पुण्याच्या नळाला येणाऱ्या पाण्याचा मोठा वांटा याच डोंगरांतून उतरतो. तेव्हां पाऊस हा केवळ वेल्ह्याच्या शेतकऱ्याचा प्रश्न आहे असें समजणाऱ्या शहरी कुटुंबानें आपला हंडा कोठून भरतो हें आठवावें. आणि ज्वालामुखीच्या अभ्राचा आमच्या देशाशीं येणारा खरा संबंध थंडीचा नसून पावसाचा आहे. पाऊस आणणारा वारा जमीन व समुद्र यांच्या तापण्यांतील अंतरावर चालतो. सूर्यप्रकाश घटला तर जमीन समुद्रापेक्षां लवकर निवते आणि तें अंतर कमी होतें. पिनाटुबोनंतरच्या वर्षीं जगांतील जमिनीवर पडणारें पाणी लक्षांत येण्याइतकें घटलें. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेंतील शास्त्रज्ञांनीं परदेशी सहकाऱ्यांसह २०२० सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत दाखविलें आहे कीं, मोठ्या उद्रेकांनंतर पॅसिफिक महासागरांतील एल निनो आणि आपला मोसमी पाऊस यांचें परस्परांशीं असलेलें नातें अधिक घट्ट होतें. म्हणजे हा विषय आमच्या घरापासून तासाभराच्या वाटेवर अभ्यासिला जात आहे. तरीहि आमचे लेख १८१५ च्या तांबोरा उद्रेकाची गोष्ट सांगतांना युरोप-अमेरिकेंत १८१६ सालीं उन्हाळाच आला नाहीं, एवढ्यावरच थांबतात. त्याच वर्षीं बंगालकडे पावसाचा क्रम बिघडला असें अभ्यासकांनीं मांडलें आहे, हें सांगण्याची आठवण कोणास होत नाहीं. थंडीची कथा परक्यांची; पावसाची आमची. आम्ही परक्यांचीच कथा पुन्हां पुन्हां सांगतों.

वरच्या हवेचें तापणें हें निव्वळ वरच्यापुरतेंहि राहत नाहीं. उष्ण कटिबंधावरील स्थितांबर तापलें कीं त्याचें व ध्रुवावरील थंड हवेचें अंतर वाढतें, उत्तर ध्रुवाभोंवतीं फिरणारे हिवाळी वारे जोर धरतात, आणि खालच्या ऋतुमानावरहि त्यांची छाया पडते. १९९१-९२ च्या हिवाळ्यांत उत्तर युरोप व आशिया यांचा बराच भाग नेहमींपेक्षां उबदार राहिला, त्याचा संबंध अनेक शास्त्रज्ञ या तापण्याशीं जोडतात. शिवाय त्या थेंबांच्या पृष्ठभागावर घडणाऱ्या रासायनिक क्रियांनीं ओझोनचा नाश वाढतो. या साऱ्याचा 'पृथ्वी गारठली' या दोन शब्दांत मागमूस तरी आहे काय?

आणि आतां हा केवळ ज्ञानाचा प्रश्न राहिलेला नाहीं, तो निवाड्याचा झाला आहे. नोबेल पारितोषिक मिळविणारे रसायनशास्त्रज्ञ पाउल क्रुट्झेन यांनीं २००६ सालीं असा विचार गंभीरपणें मांडला कीं, पृथ्वीची वाढती उष्णता अन्य मार्गांनीं आवरली नाहीं तर माणसानेंच स्थितांबरांत गंधक सोडून पिनाटुबोचें अनुकरण करण्याच्या उपायाचा अभ्यास व्हावा. तेव्हांपासून या उपायाचे पुरस्कर्ते व विरोधक दोन्ही वाढले आहेत. त्याची योग्यायोग्यता ठरविणें हा या लेखाचा विषय नाहीं. परंतु उद्यां तो प्रश्न लोकांपुढें आला, आणि पृथ्वी गार करून देतों असें कोणी म्हणाला, तर ज्या वाचकानें आजवर राखेची व गारठ्याची गोष्टच वाचली आहे, तो काय विचारील? त्याला वाटेल, उष्मा फार झाला आहे, गारवा बरा. ज्याला ढगाच्या दोन्ही बाजू ठाऊक आहेत तो विचारील: खालीं गार कराल, पण वर जें तापेल त्याचें काय? ओझोनचें काय? आणि आमच्या पावसाचें काय? गुंजवणीच्या खोऱ्यांतील भाताच्या खाचरावर ज्याचें पोट आहे, त्याला हे प्रश्न विचारण्याचा पहिला हक्क आहे. ते त्याच्या भाषेंत त्याला सुचावेत, एवढी तजवीज करणें हें मराठी शास्त्रीय लेखनाचें काम आहे. तें काम आज होत नाहीं, हीच आमची तक्रार.

यावर एक उत्तर ऐकूं येतें कीं, सामान्य वाचकाला एवढें अवघड पेलणार नाहीं. त्याच्यासाठीं लिहितांना थोडें सोपें, थोडें रंगवून लिहावेंच लागतें. सोपें लिहावें हें आम्हांस मान्य आहे. पण सोपें करणें आणि अर्धें करणें यांत अंतर आहे. मांडवाचें कापड तापतें हें समजावयास पदवी लागत नाहीं. धुरकट चुलीच्या वरच्या फळीवर हात ठेवणाऱ्या घरधनिणीला, उष्णता वर कोठें सांठते हें शास्त्रज्ञाइतकेंच ठाऊक असतें. वाचकाच्या बुद्धीबद्दलची ही काळजी पुष्कळदां लेखकाच्या आळसावरचें पांघरूण असतें. 'तांडव' हा शब्द लिहावयास एक क्षण लागतो. थेंब उष्णता कोठून घेतो व कोठें देतो हें चार ओळींत नीट सांगावयास एक सकाळ खर्चावी लागते.

आमची अपेक्षा फार मोठी नाहीं. भोर-वेल्ह्याच्या डोंगरांवर यापुढें जो कोणी लिहील, त्यानें आपलें पायीं हिंडणें व डोळ्यांनीं पाहणें सोडूं नये. तो त्याचा खरा गुण आहे. घाटांतल्या तांबड्या मातीच्या पट्ट्यापासूनच त्यानें आरंभ करावा. त्या पट्ट्याच्या खालचा थर कसा आला, वरचा कसा आला हें सांगावें. रसाबरोबर कोणता वायु निघाला हें सांगावें. तो किती उंच गेला असेल याचा वाद आहे तर वाद आहे असें सांगावें. आणि शेवटीं, तापमानाचा शब्द आला कीं त्याला जोडून उंचीचा शब्द लिहावा. एवढें केलें तर भोरच्या शाळेंतील मुलगा रोहिड्याकडे पाहतांना डोंगराबरोबर त्याच्यावरच्या आकाशाचाहि विचार करूं लागेल. असें एखादें छोटेंसें पुस्तक मराठींत लवकर लिहिलें जावो. त्याचा परामर्श आम्ही मोठ्या आनंदानें घेऊं.